पाचव्या वर्षीचा डोस आणि दोन राज्यांची दोन कार्डे

ताई, आपल्या मुलाचे पहिले तीन डोस माहेरी महाराष्ट्रातल्या चंदगडला झाले, दीड वर्षाचा बूस्टर इथे कर्नाटकातल्या खानापूरला झाला, आणि आता साडेपाच वर्षे झाल्यावर पुन्हा त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची) लस घ्या असे सांगितल्यावर सासूबाई म्हणतात, ‘घटसर्प हा म्हशींचा रोग, पोराला कशाला टोचायचं?’ सरकारी आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढल्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही.

सासूबाई चुकीचे ऐकून बोलत आहेत असेही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना घटसर्पाची लस देतातच. मात्र तो रोग निराळा, त्याचे जंतू निराळे, नाव तेवढे सारखे. माणसांचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, ज्याला आपले कन्नड शेजारी गंटलमारी म्हणतात, तो खोकण्या-शिंकण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. घशात करड्या रंगाचा पापुद्रा घट्ट धरतो, खरवडला तर रक्त येते, मान सुजते आणि श्वास कोंडतो. तितकाच मोठा धोका जंतूंनी सोडलेल्या विषाचा असतो, कारण ते रक्तावाटे हृदयापर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. त्यावर घोड्याच्या रक्तातून तयार केलेले प्रतिविष देतात (याच उपचाराच्या शोधासाठी बेरिंग यांना 1901 साली नोबेल मिळाले), पण पेशींत शिरलेले विष त्याने निघत नाही, म्हणून तासातासाला महत्त्व असते. कणकुंबी-जांबोटीकडच्या एखाद्या वाडीवरून रात्री बेळगाव गाठणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको.

लस शरीराला या विषाशी लढायला शिकवते, आणि ही शिकवण वर्षागणिक पुसट होत जाते. म्हणूनच 6, 10 व 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (घटसर्पासह पाच रोगांवरची लस), 16 ते 24 महिन्यांत त्रिगुणीचा पहिला बूस्टर, 5 ते 6 वर्षांत दुसरा, आणि पुढे 10 व 16 वर्षांना टीडी (धनुर्वात व घटसर्पाची लस), असा क्रम आहे. तान्ह्या बाळाचे डोस आई सहसा चुकवत नाही. मूल शाळेत जाऊ लागले की कार्ड ट्रंकेत जाते, आणि आजार आता शाळकरी वयातच अधिक दिसतो. ज्या बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार होत असे, तिथेही हे होते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता कार्डांविषयी. लसीकरणाचे राष्ट्रीय वेळापत्रक महाराष्ट्रात आणि कर्नाटकात एकच आहे, त्यामुळे चंदगडचे डोस इथे पूर्ण धरले जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातले कार्ड आणि इथले तायी कार्ड (आई-बाळाचे कार्ड) अशी दोन्ही घेऊन जा व परिचारिकेकडून जुन्या तारखा एकाच कार्डावर उतरवून घ्या. कन्नड वाचता येत नसेल तर कोणता डोस झाला हे तिथेच विचारून शेजारी मराठीत लिहून ठेवा. सात वर्षे उलटल्यावर त्रिगुणी देत नाहीत, टीडी देतात, म्हणून दिवाळीच्या सुटीची वाट पाहू नका.

टोचल्यावर दंड दुखेल, एक-दोन दिवस ताप येईल. तेवढ्याला घाबरू नये. मात्र आधीच्या एखाद्या डोसनंतर मुलाला झटके आले असतील किंवा अंगावर गांधी उठून श्वास लागला असेल, तर सुई भरण्यापूर्वीच ते सांगा.