ओढ्याचा नकाशा काढणाऱ्या मुलीला काय समजावू?

"मुलीला बारावीला ७८ टक्के पडले. आम्ही कॉम्प्युटर इंजिनिअरिंग ठरवलंय. ती म्हणते, गावातली शेतं, ओढे, झाडं यांचं नियोजन शिकायचंय. आम्ही जन्मभर मातीत राबलो, आता तिनंही तेच करायचं का? तिला समजावून सांगा. वहीतले तिचे उद्योग सोबत पाठवतो."
- एक पालक, पारनेर तालुका

नमस्कार,

"आम्ही ठरवलंय" यातल्या "आम्ही"मध्ये मुलगी आहे का? अख्ख्या पत्रात तिचं एकच वाक्य आहे, तेही तक्रार म्हणून. मला काळजी वाटते ती याची, टक्क्यांची नाही.

वहीचं पान मी बराच वेळ बघत बसलो. ओढा दोन रंगांत काढलाय. वळणं घेत जायचा तो निळा, जेसीबीनं सरळ केला तो लाल. लाल रेषेजवळच्या ज्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात, त्यांवर फुल्या. बांधावरच्या तोडलेल्या बाभळी मोजल्यात. बायका धुणं कुठं धुवायच्या आणि आता किती लांब जातात, तेही लिहिलंय. दादा, या कामाची सुरुवात अशीच होते, आणि हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

तुमचा एक गैरसमज मात्र मोठा आहे. हे शिकणं म्हणजे पुन्हा खुरपं हातात घेणं नव्हे. तुमच्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, डोंगरउतारावर चर खणले, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं. आजही पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिकं ठरतात. डोंगर, शिवार आणि घर एकाच हिशेबात धरायचे, यालाच नियोजन म्हणतात. असा हिशेब मांडणारी शिकलेली माणसं गावोगाव हवीत.

वाटा थोडक्यात: सीईटीच्या गुणांवर राहुरीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी, त्यात मृद व जलसंधारण हा विषय असतो. नियोजनाच्या पदवीला बऱ्याच ठिकाणी जेईई मेनचा वेगळा पेपर लागतो.

सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बहुधा कमीच असेल, हे लपवत नाही. पण मन नसताना चार वर्षं ढकलायला लावणंही स्वस्त पडत नाही.

तिला मी समजावणार नाही. प्रवेशाचा पसंतीक्रम भरायच्या आधी एका सकाळी वही घेऊन तिच्यासोबत ओढ्यावर जा, तिला बोलू द्या. पुढचं पत्र तिनं लिहावं.