गर्भाशयमुखाचा कर्करोग : पुन्हा एमआरआय कशासाठी?

प्रश्न : माझ्या जाऊबाईंना (वय ४८) गर्भाशयमुखाचा कर्करोग असून तो ‘२ बी’ टप्प्यात आहे. आठवड्यातून एकदा केमो आणि रोजचे किरणोपचार चालू आहेत. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय सांगितला असून चिठ्ठीत ‘डिफ्यूजन व परफ्यूजनसह’ असे लिहिले आहे. गाठ पहिल्या एमआरआयमध्ये दिसली होतीच, मग हा खर्च पुन्हा का? पहिल्या अहवालातील ‘एडीसी ०.८५’ म्हणजे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ‘२ बी’ याचा अर्थ गाठ गर्भाशयमुखाच्या बाजूच्या ऊतींत शिरली आहे, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचलेली नाही. ही पसरण साध्या एमआरआयमध्ये चांगली दिसते आणि पहिल्या तपासणीचे मुख्य काम तेच होते. आता प्रश्न वेगळा आहे. पाच आठवड्यांच्या उपचारांनंतर त्या जागी सूज आणि व्रणऊती तयार होतात, त्यामुळे उरलेली गाठ कोणती आणि उपचारांचा परिणाम कोणता, हे नुसत्या आकारावरून ठरवणे अवघड जाते. डिफ्यूजन आणि परफ्यूजन या तंत्रांची मदत येथे होते.

डिफ्यूजनमध्ये ऊतींतील पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हालतात, हे मोजतात. कर्कपेशी दाटीवाटीने असतात, त्यामुळे पाण्याची हालचाल अडते आणि एडीसी हा आकडा कमी येतो. तुमच्या अहवालातील ०.८५ (एकक : १०⁻³ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद) दाट पेशींच्या गाठीत अपेक्षित असाच आहे; निरोगी गर्भाशयमुखात तो साधारणपणे याहून बराच जास्त असतो. उपचारांनी पेशी मरू लागल्या की एडीसी वाढतो, आणि अनेकदा ही वाढ गाठ आकाराने लहान होण्याआधीच दिसते.

परफ्यूजनसाठी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देऊन ते गाठीत किती वेगाने शिरते आणि बाहेर पडते, हे पाहतात. ज्या भागाला रक्त कमी मिळते, तेथे बहुधा प्राणवायूही कमी असतो. प्राणवायूविना असलेल्या पेशी मारण्यासाठी किरणांची मात्रा सुमारे अडीच ते तीन पट लागते, म्हणून रक्तपुरवठा कमी असलेली गाठ उपचारांना चिवट ठरू शकते. (याच कारणाने जाऊबाईंच्या हिमोग्लोबिनकडे डॉक्टर बारकाईने पाहत असतील.)

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एडीसी किंवा परफ्यूजनच्या आकड्यावरून उपचार बदलावेत, इतका भक्कम पुरावा अद्याप नाही. भक्कम पुरावा आहे तो एमआरआय पाहून आखलेल्या ब्रॅकीथेरपीचा, म्हणजे आतून दिल्या जाणाऱ्या किरणोपचारांचा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एम्ब्रेस-१’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाच वर्षांनंतर सुमारे ९२ टक्के स्त्रियांमध्ये गाठ मूळ जागी आटोक्यात होती. हा दुसरा एमआरआय बहुधा ब्रॅकीथेरपीच्या आखणीसाठीच असणार. त्यामुळे माझ्या मते तो अवश्य करावा. खर्चाची ओढाताण असल्यास साधा एमआरआय टाळता येणार नाही, परंतु परफ्यूजन वगळता येईल का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. डिफ्यूजनला काही मिनिटेच जास्त लागतात आणि त्यासाठी औषध टोचावे लागत नाही.

शक्य असेल तर दुसरा एमआरआय पहिल्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करून घ्या, कारण यंत्र आणि त्यावरील मोजणीची पद्धत बदलली की एडीसीही बदलतो आणि दोन आकड्यांची तुलना फसवी ठरते. जुनी सीडी सोबत न्या. गॅडोलिनियम देणार असतील, तर आधी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे कशी काम करतात हे दाखवणारा आकडा) तपासून घ्यावे. केमोमध्ये सिस्प्लॅटिन असल्यास त्याचा मूत्रपिंडांवर ताण पडतो, म्हणून हे विशेष गरजेचे आहे. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, ती भीती बाळगू नका. आणि तपासणीची तारीख मिळेना म्हणून ब्रॅकीथेरपी लांबू देऊ नका, कारण बाहेरचे आणि आतले किरणोपचार मिळून सगळे सुमारे आठ आठवड्यांत पूर्ण व्हायला हवेत.