प्रोग्रामरांसाठी हवा तसा बदलता येणारा टेक्स्ट एडिटर बनवायचा असेल, तर प्लगइनची सोय नंतर जोडली तर चालेल का?

आपण विचारले आहे की प्रोग्रामरांसाठी लवचीक, ज्याला जसा हवा तसा बदलून घेता येईल असा एडिटर बनवताना आधी साधा आणि जलद एडिटर पूर्ण करावा आणि प्लगइनची, म्हणजे वापरणाऱ्यांनी लिहिलेला जोड-कोड चालवण्याची, सोय दुसऱ्या आवृत्तीत जोडावी, तर चालेल का. शिवाय प्लगइनसाठी भाषा कोणती घ्यावी. पहिल्या भागाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसरा भाग वाटतो तितका महत्त्वाचा नाही, म्हणून तो शेवटी घेतो.

काही वर्षांपूर्वी मी सहकाऱ्यांसाठी एक छोटा एडिटर लिहिला होता. कोणती कळ दाबली की काय करायचे, हे त्यात एका लांबलचक स्विचमध्ये कोंबलेले होते. वेग उत्तम होता आणि मी स्वतःवर खूश होतो. मग एकाने विचारले, की फाइल सेव्ह होण्याआधी ओळींच्या शेवटी राहिलेल्या स्पेस आपोआप काढून टाकता येतील का. दुसऱ्याला एकाच कळीने सेव्ह करून टेस्ट चालवायच्या होत्या. मी विचारपूर्वक अकरा फंक्शने निवडून प्लगइनसाठी खुली केली. आठवडाभरात प्रत्येकाला बारावे हवे झाले आणि प्रत्येकाचे बारावे निराळे निघाले. नीट पाहिल्यावर लक्षात आले, की माझा स्वतःचा कोड त्या अकरा फंक्शनांतून कधी जातच नव्हता. तो मागच्या दाराने थेट बफरपर्यंत, म्हणजे एडिटरच्या मेमरीतल्या मजकुरापर्यंत, पोहोचत होता, त्यामुळे पाहुण्यांसाठी ठेवलेले पुढचे दार किती अरुंद आहे, हे मला कळण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: एडिटरच्या लेखकाने आपल्या सोयी त्याच दारातून आत आणाव्यात, जे दार वापरणाऱ्याला मिळणार आहे. हे काम दुसऱ्या आवृत्तीत करता येत नाही, कारण तोवर मागच्या दाराने शेकडो वाटा पडलेल्या असतात.

हा नियम पूर्णत्वाला गेलेला पाहायचा असेल, तर ईमॅक्स या जुन्या एडिटरमध्ये साधे ‘ए’ अक्षर टाइप केल्यावर काय होते ते पाहा. एडिटर ती कळ कीमॅप नावाच्या तक्त्यात शोधतो. त्या कळीसमोर ‘सेल्फ-इन्सर्ट-कमांड’ असे नाव सापडते. त्या नावाचे फंक्शन चालते आणि मग अक्षर बफरमध्ये उमटते. म्हणजे अक्षर उमटणे हीसुद्धा इतर शेकडो कमांडांसारखीच एक कमांड आहे. तक्ते एकावर एक रचलेले असतात: आधी मायनर मोडचे (हवे तेव्हा चालू-बंद करता येणाऱ्या जादा सोयींचे), मग मेजर मोडचा (त्या बफरमधल्या मुख्य कामाचा), शेवटी सर्वांसाठीचा ग्लोबल. त्यामुळेच फोल्डरची यादी दाखवणाऱ्या बफरमध्ये ‘डी’ दाबले, की अक्षर न उमटता त्या ओळीवरची फाइल पुसण्यासाठी खूण होते, आणि त्यासाठी मुख्य प्रोग्राममध्ये एकही ‘जर-तर’ लिहावा लागत नाही. कळ, कमांडचे नाव आणि कमांडचे काम या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे, एवढे जरी आपण पहिल्या दिवशी केले, तरी निम्मी लवचीकता पदरात पडते.

ईमॅक्सचा जन्मही याच क्रमाने झाला. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात टेको नावाचा एडिटर वापरत असत. कोणत्याही कळीला टेकोचा मॅक्रो, म्हणजे आज्ञांचा छोटा संच, जोडण्याची सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यात केली, आणि थोड्याच काळात ज्याने त्याने आपापला संच बनवला. परिणाम असा, की एकाच्या टर्मिनलवर बसून दुसऱ्याला काम करता येईना. १९७६मध्ये गाय स्टील यांनी हे संच एकत्र करायला घेतले आणि स्टॉलमन यांनी ते काम तडीस नेले. ‘एडिटिंग मॅक्रोज’वरून ईमॅक्स हे नाव पडले. मोकळीक आधी आली आणि सर्वमान्य मांडणी नंतर, हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. चांगली मूळ मांडणी नसेल तर मोकळिकीचा गोंधळ होतो, हा दुसरा भाग मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. आपला एडिटर एकही ओळ न बदलता दिवसभर वापरता आला पाहिजे.

स्टॉलमन यांनी २००२ सालच्या एका भाषणात सांगितलेली हकिगत मला फार आवडते. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी लिस्प या भाषेत ईमॅक्स लिहिला होता, आणि त्यांच्या कार्यालयातल्या सचिवांनीही त्यात आपापल्या सोयी जोडायला सुरुवात केली. त्यांच्या हातातल्या माहितीपुस्तिकेत एडिटर कसा वाढवायचा हे लिहिले होते, पण याला प्रोग्रामिंग म्हणतात असे कुठेही म्हटले नव्हते, म्हणून कोणी घाबरले नाही. यातून रचनेसाठी घेण्यासारखी बाब अशी, की प्रत्येक कमांडला तिची माहिती चिकटलेली असावी आणि ती एडिटरमध्येच विचारता यावी. ‘ही कळ काय करते’ आणि ‘हे काम कोणत्या कळीवर आहे’ या दोन प्रश्नांची उत्तरे जागच्या जागी मिळाली, तर माणूस बदल करायला धजावतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. सगळेच उघडे ठेवले तर काय होते, ते ॲटममध्ये दिसले. गिटहबने २०१४मध्ये लोकांसमोर आणलेला हा एडिटर वेब तंत्रज्ञानावर उभा होता, आणि त्याची पॅकेजे, म्हणजे प्लगइन, एडिटरच्याच खिडकीत चालून तिच्या अंतर्गत रचनेला थेट हात लावू शकत होती. एखादे पॅकेज अडखळले की टाइप करणाराही अडखळत असे, आणि आतली रचना सुधारायची म्हटली तर तिच्यावर विसंबलेली पॅकेजे मोडण्याची धास्ती. २०१५मध्ये आलेल्या व्हीएस कोड या एडिटरने पाया तोच घेतला, मात्र एक्स्टेन्शन (तिथले प्लगइन) वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवली आणि पडद्याच्या रचनेला हात लावायची मुभा त्यांना दिली नाही. एखादे एक्स्टेन्शन अनंत लूपमध्ये गेले तरी अक्षरे उमटत राहतात. याची किंमतही आहेच: व्हिम या जुन्या एडिटरची नक्कल करणाऱ्या एक्स्टेन्शनला प्रत्येक कळीची बातमी दुसऱ्या प्रोसेसकडे जाऊन येईपर्यंत थांबावे लागते, आणि व्हिमवर हात बसलेल्या माणसाला तो क्षणभराचा विलंब जाणवतो. ॲटम डिसेंबर २०२२मध्ये बंद झाला. त्याला इतरही कारणे असतील, पण पॅकेजांना दिलेली ही मोकळीक महाग पडली, असे माझे मत आहे.

म्हणून मी सीमारेषा अशी आखेन: कळी, कमांडा, मोड, रंग, सेव्हच्या आधी व नंतर आपोआप चालणारी फंक्शने म्हणजे हुक, हे सगळे पूर्ण खुले, मजकुराचा साठा, अन्डूचा इतिहास आणि पडद्यावरचे चित्रण मात्र एडिटरच्या मूळ कोडच्या, म्हणजे गाभ्याच्या, ताब्यात. मजकूर बदलायचा तर प्लगइनने गाभ्याकडे बदलाची विनंती करावी, बफरच्या पोटात हात घालू नये. असे का, ते साठ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ईमॅक्स गॅप बफर वापरतो: पंगतीत जिथे पाहुणे येणार तिथेच काही पाने रिकामी ठेवावीत, तशी कर्सरपाशी मोकळी जागा ठेवलेली असते, त्यामुळे टाइप करताना पुढचा मजकूर सरकवावा लागत नाही, कर्सर लांब जाऊन तिथे बदल करू लागला तरच ती जागा हलवावी लागते. व्हीएस कोड पूर्वी प्रत्येक ओळीसाठी एक ऑब्जेक्ट ठेवत असे. एका वापरकर्त्याची ३५ एमबीची फाइल उघडेना, तेव्हा कळले की तिच्यात १ कोटी ३७ लाख ओळी होत्या आणि नुसत्या ओळींच्या नोंदींनी सुमारे ६०० एमबी मेमरी खाल्ली होती. मग २०१८मध्ये त्यांनी पीस टेबलवर आधारित रचना आणली, ज्यात मूळ फाइल जशीच्या तशी राहते, नवा मजकूर वेगळ्या जागी साठत जातो आणि कोणता तुकडा कुठून घ्यायचा याची नोंद एका ट्रीमध्ये असते. साठ्याची रचना अशी मुळापासून बदलता आली, कारण एक्स्टेन्शनना ती कधी दिसतच नव्हती.

अन्डूकडे नवखे लोक फार उशिरा वळतात. प्लगइनने एका दमात चारशे ठिकाणी नाव बदलले, तर एका अन्डूने चारशेही ठिकाणी जुने नाव परत यायला हवे. त्यासाठी विनंतीतच ‘हे सगळे मिळून एक काम’ असे सांगण्याची सोय लागते. दुसरी अडचण वेळेची आहे. फॉरमॅटरला, म्हणजे कोडची मांडणी नीट करणाऱ्या प्रोग्रामला, मजकूर दिला, त्याला दोन सेकंद लागले, आणि तेवढ्यात माणसाने वरती तीन ओळी जोडल्या. आता त्याचे उत्तर जसेच्या तसे लावले तर मजकुराची वाट लागेल. म्हणून प्रत्येक बदलाबरोबर बफरचा आवृत्ती क्रमांक वाढवावा आणि जुन्या क्रमांकावरचे उत्तर सरळ नाकारावे.

स्थान कसे मोजायचे, हा प्रश्न आपल्यासारख्यांना जरा जास्त भोवतो. ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर आहे. युनिकोडमध्ये ते चार कोड पॉइंटचे (चिन्हक्रमांकांचे), यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत बारा बाइटांचे. कर्सर त्याच्या मध्येच थांबला तर मराठी शेरा लिहिणारा माणूस वैतागतो. अशी जोडाक्षरे एकच समूह मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३मध्ये आला, त्यामुळे जुन्या लायब्रऱ्या ‘क्षि’चे दोन तुकडे करतात. त्यातच लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषेची जाण पुरवणारा प्रोग्राम यांच्यातल्या संवादाची पद्धत, मुळात यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीच्या एककांत स्थान मोजतो. प्लगइनच्या हाती नुसता आकडा दिला तर प्रत्येक लेखक आपापल्या समजुतीने मोजणार. त्याऐवजी मजकुराबरोबर आपोआप सरकणारी खूण द्यावी आणि ‘पुढचे अक्षर’, ‘पुढचा शब्द’ या उड्या गाभ्याकडूनच घ्यायला लावाव्यात.

सेटिंगविषयी थोडक्यात: ज्या गोष्टी नुसत्या नोंदीने भागतात, त्यांसाठी कोड चालवायला लावू नका. कोणते प्लगइन कोणत्या कमांडा देते, हे साध्या फाइलमधून वाचता आले, तर ते प्लगइन गरज पडेपर्यंत लोड करावे लागत नाही आणि एडिटर चटकन उघडतो. फाइलच्या किंवा प्रोजेक्टच्या आत लिहिलेल्या सेटिंगवर मात्र विश्वास टाकू नका. व्हिममध्ये फाइलमधल्याच एका ओळीत त्या फाइलपुरती सेटिंग लिहिता येतात. २०१९मध्ये असे उघडकीस आले, की नुसती फाइल उघडल्यावर या ओळीच्या वाटेने हवी ती आज्ञा चालवता येत होती.

भाषेबद्दल: सी किंवा रस्टमध्ये गाभा लिहिणार असाल तर ल्युआ घ्या. ती छोटी आहे, दुसऱ्या प्रोग्राममध्ये बसवण्यासाठीच घडवलेली आहे आणि निओव्हिम या व्हिमच्या नव्या अवतारामुळे अनेकांच्या हाताखालून गेलेली आहे. स्वतःची भाषा मात्र शोधू नका. व्हिमची स्वतःची भाषा व्हिमस्क्रिप्ट शिकताना लोकांनी जे भोगले ते पुरे आहे. रंगसंगतीसाठी कोडची रचना ओळखणारा पार्सरही स्वतः लिहू नका, ट्री-सिटर हे तयार साधन वापरा, आणि भाषेची जाण लँग्वेज सर्व्हरकडे सोपवा. वाचलेला वेळ पहिल्या महिन्यात एका कामावर घाला: फाइल सेव्ह करणे, शोधणे आणि ओळ पुसणे या तीन कमांडा ल्युआमध्ये, बाहेरच्या माणसाला मिळेल तेवढ्याच अधिकारांत लिहून पाहा. जिथे हात अडेल तिथे गाभ्यात नवे फंक्शन घाला, आणि तिन्ही सुरळीत चालू लागेपर्यंत टॅब, मेनू आणि थीम यांना हात लावू नका.