उत्तर: डीम्ड कन्व्हेयन्स शोधताना पहिल्या पानावरचा कचरा कसा काढायचा

सेक्रेटरी साहेब, तुमची अडचण अशी की घोडबंदर रोडच्या सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर करून देत नसला तरी जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेणं) करायचंय, त्यासाठी मूळ जीआर म्हणजे शासन निर्णय आणि कागदपत्रांची यादी हवी, आणि गूगल देतंय काय तर वर एआयचा सारांश, खाली कन्सल्टंटच्या जाहिराती, मग फ्लॅट विकणाऱ्या साइट आणि फिरून तेच. वर तुम्ही विचारताय की दुसरं कुठलं सर्च इंजिन वापरू. माझं ऐकाल तर इंजिन बदलायची घाई करू नका. आहे त्यालाच गाळणी लावा, आणि निम्म्या गोष्टी गूगलवर शोधूच नका, त्या जिथे ठेवल्यात तिथेच जाऊन शोधा.

आधी गाळणी. गूगलने मे २०२४ मध्ये 'वेब' नावाचा फिल्टर आणला, रिझल्टच्या वरच्या पट्टीत इमेजेस, न्यूज वगैरेंच्या रांगेत असतो, बऱ्याचदा 'मोअर'खाली दडलेला. तो दाबला की एआय सारांश, व्हिडिओचे चौकोन सगळं जातं, साध्या लिंका उरतात (जाहिराती दिसू शकतात, त्याला ॲडब्लॉकर आहेच). पण दरवेळी दाबणार कोण, म्हणून क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन, त्यात साइट सर्च, तिथे 'ॲड' करा. शॉर्टकट म्हणून जीआर ही दोन अक्षरं द्या. लिंकच्या रकान्यात गूगल सर्चची नेहमीची लिंक टाका, शोधशब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून एस, आणि शेवटी अँडचं चिन्ह लावून यूडीएम, बरोबरचं (=) चिन्ह आणि १४, म्हणजे तो वेब फिल्टर आपोआप लागतो. हे सगळं इंग्रजी लिपीत, आकडासुद्धा इंग्रजी. आता खरी गंमत, टक्का-एसच्या आधी 'साइट कोलन महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' आणि अधिकचं चिन्ह घालून ठेवलंत की ॲड्रेस बारमध्ये जीआर, स्पेस आणि शब्द एवढं टाइप केलं तरी फक्त राज्य सरकारच्या साइट चाळल्या जातात, म्हणजे शासन निर्णय, महारेरा, सिडको हे सगळं एका झटक्यात. ठाणे महापालिका मात्र त्यात येत नाही, तिचा पत्ता ठाणेसिटी डॉट गव्ह डॉट इन, तिच्यासाठी वेगळा शॉर्टकट करा.

शोधताना 'डीम्ड कन्व्हेयन्स' नको, 'मानीव अभिहस्तांतरण' लिहा, सरकारी कागदात तेच असतं. आणि 'वजा सिडको' लावा, म्हणजे वजाचं चिन्ह आणि लगेच शब्द, मध्ये स्पेस नाही. कारण वाशी-नेरुळकडच्या बहुतेक जमिनी सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहेत, तिथल्या सोसायट्यांचं प्रकरण वेगळं पडतं, आणि रिझल्टमध्ये दोन्हीची खिचडी झाली की माणूस भलतेच कागद गोळा करत बसतो.

आता ज्या साइट पुन्हा पुन्हा डोकं उठवतात त्यांच्यासाठी यूब्लॅकलिस्ट हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी. फुकट आहे, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीवर चालतं. रिझल्टशेजारीच ब्लॉक करायची सोय येते, दाबलं की ती साइट तुमच्या रिझल्टमधून गायब. नियम साध्या टेक्स्टमध्ये असतात, त्यामुळे कमिटीतल्या एकाने यादी इंटरनेटवर कुठे तरी फाइल करून ठेवली तर बाकीचे तिला सबस्क्राइब करू शकतात, एकाने घाण काढली की सगळ्यांकडे साफ. नियमाच्या आधी ॲट-चिन्ह आणि १ लावलं तर उलटं होतं, ती साइट रंगवून दाखवली जाते, मी सगळ्या सरकारी डोमेनना असा रंग दिलाय, पानावर नजर बरोबर तिथेच जाते. मला विचाराल तर या सगळ्यात सगळ्यात कामाचं हेच, बाकीचं नाही केलं तरी चालेल.

दुसऱ्या इंजिनांचं म्हणाल तर ब्रेव्ह सर्चमध्ये 'गॉगल्स' म्हणून असंच आहे, त्यात साइट वर चढवता, खाली ढकलता किंवा उडवता येतात. कागी पैसे घेतं, चांगलं आहे, पण एका जीआरसाठी कशाला. सर्चएक्सएनजी स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, हौस असेल तर बघा.

पण एवढं करूनही काही गोष्टी मिळणारच नाहीत हो, कारण त्या गूगलच्या हाताला लागतच नाहीत. सातबारा आणि मालमत्ता पत्रक महाभूलेखवर, फ्लॅटच्या नोंदणीची सूची क्रमांक २ नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर, आणि हे सगळं फॉर्म आणि कॅप्चाच्या मागे, तिथे गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, जात नाही. म्हणून त्यांचे थेट बुकमार्क ठेवा. जीआरच्या साइटवर तिचा स्वतःचा सर्च आहे, विभाग आणि तारखेची मर्यादा देता येते. प्रक्रिया सोपी करणारा जीआर २०१८ चा आहे, तेव्हा तेवढंच वर्ष टाका, विभाग आधी सहकार आणि नाही सापडला तर गृहनिर्माण. कायद्याचा मजकूर हवा असेल तर मोफा (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा) १९६३, कलम ११, आणि अर्ज जातो जिल्हा उपनिबंधकांकडे, हे शब्दही शोधात घालून बघा.

अजून एक, याने भलेभले फसतात. बरीच जुनी पीडीएफ स्कॅन केलेली असतात नाही तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, डोळ्यांना मराठी दिसतं, आत अक्षरं भलतीच असतात, शोधाला काय सापडणार. आणि युनिकोडमध्येही 'दुसऱ्या' मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, 'ॲ' चंही तसंच, दिसायला सारखं पण कॉम्प्युटरला वेगळं. म्हणून अवतरणचिन्हात अख्खं वाक्य टाकून शून्य रिझल्ट आले तर जीआर नाहीच असं समजू नका, चिन्हं काढा, ऱ्य किंवा ॲ नसलेले दोन-तीन शब्द निवडा आणि परत शोधा.

फोनवर करायचं असेल तर अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, फायरफॉक्स टाका, त्यात चालतात. जीआर सापडल्यावर कागदपत्रांच्या यादीतलं काही अडलं तर इथेच विचारा, फक्त सोसायटीच्या जमिनीचा सर्वे नंबर उघड्यावर टाकू नका.