न उघडलेली पाकिटे

प्रश्न : माझा छपाईचा लहान व्यवसाय आहे. राहत्या घरावर एका नागरी सहकारी बँकेचे कर्ज असून कामे घटल्यामुळे पाच महिन्यांचे हप्ते थकले आहेत. बँकेची रजिस्टर पत्रे येतात, पण ती उघडण्याचे धाडस होत नाही. मी ती दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवून देतो. बँकेचे फोनही घेत नाही. पत्नीला यातले काहीच माहीत नाही. मेव्हणा जामीनदार आहे. रात्री झोप लागत नाही. मन शांत ठेवण्यासाठी काय करावे?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मन शांत करण्याचा एक उपाय तुम्ही रोज करीतच आहात, आणि तोच तुम्हाला बाधतो आहे. पाकीट ड्रॉवरमध्ये गेले की घटकाभर बरे वाटते. त्या सुटकेची मनाला चटक लागते आणि पुढचे पाकीट उघडणे आदल्या पाकिटापेक्षा अवघड होऊन बसते. म्हणून ध्यानधारणा, जप वगैरे मी आज सुचवत नाही. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण तुमच्या हाती ते आणखी एक ड्रॉवर ठरण्याची भीती वाटते.

तुम्ही पाहिले नाही म्हणून मुदती थांबत नाहीत. हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे बोलीभाषेत ‘एनपीए’, ठरते आणि त्यानंतर बँकेला २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण मालमत्ता ताब्यात घेऊन कर्जवसुली करू देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची मागणी नोटीस देता येते. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तुमच्या पाकिटांत ही नोटीस असेल किंवा नुसती हप्त्याची आठवणही असेल. मात्र नोटीस असेल तर तिच्यावर लेखी हरकत घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि बँकेला १५ दिवसांत त्या हरकतीचे कारणांसह उत्तर द्यावे लागते. बँकेने ताब्याची कारवाई केलीच, तर त्याविरुद्ध ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वी सारी बाकी व खर्च भरून घर सोडवताही येते. कर्जदाराच्या बाजूची ही दारे तारखांना बांधलेली आहेत आणि त्या तारखा त्याच पाकिटांत आहेत.

तेव्हा पत्रे तारखेनुसार लावा, उघडा, आणि बँकेत जाण्यापूर्वी दुकानाची आवक, येणी आणि घरखर्च एका कागदावर मांडा. शाखाधिकाऱ्यासमोर ‘काहीतरी करतो’ असे मोघम बोलू नका. दरमहा नेमके किती भरता येईल ते सांगा, कर्जाच्या पुनर्रचनेसाठी, म्हणजे हप्ते व मुदत बदलून मिळण्यासाठी, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. एकरकमी परतफेडीची सवलत मिळू शकते का, हेही विचारा, पण हाती रक्कम असल्याखेरीज ती मान्य करू नका. बँक प्रत्येक विनंती मानेलच असे नाही. नोटीस आली असल्यास बँकिंग प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाचा सल्ला लगेच घ्या. तो खर्च टाळण्यासारखा नाही. आणि हप्ता भरण्यासाठी खाजगी सावकाराकडे मात्र चुकूनही जाऊ नका.

पत्नीपासून हे लपवण्यामागे तिला त्रास होऊ नये हा हेतू असेल, परंतु त्यात लाजही मिसळलेली आहे असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. बँकेने ताबा घेतला तर त्याची नोटीस घरावर चिकटवली जाते आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, छापली जाते. म्हणजे आज तुम्ही सांगितले नाही, तर उद्या हे तिला दारावरच्या कागदावरून कळू शकते. मेव्हण्यालाही सांगायला हवे, कारण करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि बँक त्याच्याकडेही वसुली मागू शकते. तो रागावेल, आणि त्याचा राग रास्त असेल. तो ऐकून घ्या.

झोपेची तक्रार यानंतरही राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर मात्र थांबू नका. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य बोलता येते.