वयाच्या विसाव्या वर्षी घरदुरुस्तीचा व्यवसाय यशस्वी करता येतो का?

वय 20 असताना नळदुरुस्ती आणि घरातील इतर दुरुस्त्यांचा व्यवसाय उभा राहू शकेल का, ग्राहक विश्वास ठेवतील का, आणि हाती असलेला पैसा आधी जाहिरातीवर लावावा की मदतनिसावर, असे आपण विचारले आहे. मी हे काम त्याच वयात स्वतंत्रपणे सुरू केले, त्याला आता 11 वर्षे झाली आणि हाताखाली 4 माणसे आहेत. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ 'होय' असे आहे. विश्वासाबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण तो धडा मी दुसऱ्याची भिंत फोडून शिकलो.

न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत ओल चढली होती आणि रंगाचे पोपडे सुटले होते. दार उघडणाऱ्या काकूंनी माझ्या मागे आणखी कोणी आहे का ते डोकावून पाहिले आणि विचारले, "मिस्त्री कधी येणार?" मिस्त्री मीच, हे सांगताना झालेली शरम झाकण्यासाठी मी 5 मिनिटांत निदान करून मोकळा झालो: शॉवरकडे जाणारा भिंतीतला पाइप गळतो आहे, टाइल्स फोडाव्या लागतील. मी 4 टाइल्स फोडल्या. आतला पाइप ठणठणीत कोरडा होता.

जे आधी करायचे ते दुसऱ्या दिवशी केले. फ्लशची टाकी पूर्ण भरली आहे याची खात्री केली, घरातले सगळे नळ बंद केले आणि अर्धा तास पाण्याच्या मीटरसमोर बसलो. काटा जराही हलला नाही, म्हणजे दाबाखालचा एकही पाइप गळत नव्हता. तसा पाइप गळत असता, तर पाणी असेपर्यंत तो अखंड गळला असता. ही ओल आंघोळीनंतर वाढत होती आणि रात्रीतून थोडी ओसरत होती, हे काकूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी ऐकले नव्हते. ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तिच्याशेजारी वेळ लिहिली, नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यातून, पुढे जाणाऱ्या नळीत बोळा घातला आणि ट्रॅपमध्ये रंगीत पाणी भरून ठेवले. संध्याकाळपर्यंत ओल रेघेच्या पुढे सरकली होती आणि भिंतीच्या पायथ्याशी गुलाबी छटा उतरली होती. ट्रॅपचा जोड बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम होते. फोडलेल्या टाइल्सच्या छटेच्या टाइल्स कुठेच मिळाल्या नाहीत, त्यामुळे ती अख्खी भिंत मला पदरमोड करून नव्याने करून द्यावी लागली.

दादा तेव्हा माझे हिशेब पाहत असे. त्याचे म्हणणे, अनुभव नसताना घाई केली की असेच होते. माझे म्हणणे तेव्हाही वेगळे होते आणि आजही आहे. ती पाहणी फुकट होती, म्हणून मी घाई केली. जो फुकट पाहायला जातो, त्याचे पोट फोडण्याच्या कामावर चालते, मग त्याला फोडण्याचेच काम दिसते. "पाहायचे पैसे कोणी देत नाही, कामात वसूल कर," हे दादाचे वाक्य मला पाठ आहे, आणि गरज नसलेली कामे नेमकी त्या 'कामात वसूल कर'मधूनच निघतात. तेव्हापासून मी पाहणीचे पैसे फोनवरच सांगतो, मीटर आणि दाबमापक लावून तपासतो, काय सापडले ते कागदावर लिहून देतो आणि ते पैसे कामाच्या बिलातून वजाही करत नाही; वजा केले की पाहणी पुन्हा फुकटच झाली. ग्राहकाला मीटरचा काटा दाखवून समजावले, तर वयाचा विषय सहसा पुन्हा निघत नाही.

जाहिरातीवर पैसा घालू नका. त्याआधी चांगला दाबमापक घ्या. मदतनीस तेव्हाच ठेवा जेव्हा पुढच्या 2 आठवड्यांची कामे लागलेली असतील, आणि परत आलेल्या तक्रारीला मदतनिसाला न पाठवता स्वतः जा, तेही विनामूल्य. प्रत्येक तक्रारीचे कारण वहीत लिहा.

एक मान्य करावे लागेल: सुरुवातीला पाहणीचे पैसे ऐकून बरेच लोक फोन ठेवतात. मला ते झेपले, कारण मी घरीच राहत होतो आणि डोक्यावर हप्ता नव्हता. आपली स्थिती तशी नसेल, तर पहिले काही महिने पैसे बिलातून वजा करा. विजेच्या आणि गॅसच्या कामाला आपल्याकडे परवाना लागतो का, हेही आधी तपासा. गॅसच्या पाइपवर हात बसवायला जाऊ नका.

हिशेब अजून दादाच पाहतो. पाहणीचे पैसे तो आजही 'किरकोळ जमा' या रकान्यात लिहितो.