लहान हॅचबॅक घ्यावी की सात आसनांची मोठी गाडी?

प्रश्न : आमच्या कुटुंबात आम्ही पती-पत्नी, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले व माझ्या सासूबाई असे पाच जण आहोत. कामाच्या दिवशी मी मुलांना शाळेत सोडते आणि पुढे एकटीच गाडी घेऊन कामावर जाते. सुटीच्या दिवशी आम्ही पाचही जण बाहेर पडतो. वर्षातून तीन-चार वेळा नणंद आणि तिचे पती येतात, तेव्हा सात जणांचा प्रवास होतो. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. एकदाच सात आसनी गाडी घेतली म्हणजे पुढे कधीच अडचण येणार नाही, असे माझ्या पतींना वाटते. मला मात्र लहान हॅचबॅक हाताळायला सोपी वाटते. आपण काय सुचवाल?

उत्तर : मोठी गाडी घेतली की कधीच अडचण येणार नाही, हे आपल्या पतींचे गृहीतक आधी तपासून पाहू. हॅचबॅकची लांबी साधारणपणे 3.6 ते 4 मीटर असते आणि सात आसनी गाडीची बहुधा 4.4 ते 5 मीटर. या वाढीव लांबीत दोन जादा आसने, त्यांवर बसणाऱ्यांचे पाय आणि सर्वांचे सामान असे सगळे मावणे कठीण असते, म्हणून तिसऱ्या रांगेसाठीची जागा बहुतेक वेळा डिकीतूनच काढलेली असते. तिसरी रांग उभी केल्यावर मागच्या दाराशी जी जागा उरते, ती अनेक सात आसनी गाड्यांत साध्या हॅचबॅकच्या डिकीपेक्षाही कमी असते. अशी गाडी सात माणसे नेऊ शकते, किंवा पाच माणसे आणि त्यांचे भरपूर सामान नेऊ शकते. सात माणसे आणि त्या सातही जणांच्या बॅगा असा प्रवास मात्र तिला सहसा झेपत नाही.

वजनाचा हिशेबही हेच सांगतो. माणशी 70 किलो धरले, तर सात प्रौढांचे वजन 490 किलो होते. गाडीचे कमाल एकूण वजन बहुधा दाराच्या खांबावरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले, की ती प्रत्यक्षात किती भार वाहू शकते ते कळते. ही वजाबाकी खरेदीपूर्वी अवश्य करावी, कारण आसनांची संख्या जाहिरातीत ठळक अक्षरांत असते आणि हा आकडा तिथे क्वचितच दिसतो.

कमी लांबीत अधिक माणसे बसवण्याची कसरत नवी नाही. 1956 साली आलेल्या फियाट 600 मल्टिप्ला या गाडीत जेमतेम साडेतीन मीटर लांबीत सहा जणांसाठी तीन रांगा बसवल्या होत्या. इंजिन मागे असल्यामुळे चालकाचे आसन थेट पुढच्या चाकांवर आले होते, म्हणजेच धडकेचा आघात झेलण्यासाठी त्याच्या पायांपुढे जवळजवळ काहीच उरले नव्हते. आजच्या गाड्यांत पुढे आणि मागे आघाताने चेपण्यासाठी मुद्दाम काही भाग राखलेला असतो, आणि गाडीच्या लांबीतला तो वाटा प्रवाशांच्या उपयोगाचा नसला तरी वाया गेलेला नसतो. सात आसनी गाडी पाहताना तिसऱ्या रांगेच्या हेडरेस्टपासून मागच्या काचेपर्यंतचे अंतर मी म्हणूनच सर्वप्रथम पाहते. जिथे ते वीतभरच असते, तिथे माझ्या मते त्या रांगेत रोज कोणालाही बसवू नये.

आता आपला रोजचा प्रवास पाहू. हॅचबॅकचे वजन साधारण 900 ते 1,100 किलो असते, तर सात आसनी गाडीचे 1,300 ते 2,000 किलो. शहरात दर थांब्यानंतर गाडीला पुन्हा वेग द्यावा लागतो आणि ते इंधन गाडीच्या वजनाच्या प्रमाणात खर्च होते, मग आत सात जण असोत वा आपण एकट्या. महामार्गावर वजनापेक्षा हवेचा विरोध महत्त्वाचा ठरतो. तो गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी 80 किलोमीटरवरून 100 वर गेले की तो दीडपटीहून अधिक होतो. उंच, रुंद गाडीला ही किंमत अधिक मोजावी लागते. शिवाय टायर मोठे, ब्रेकवरचा भार अधिक आणि वळायला लागणारी जागाही बहुधा जास्त. आपण रोज जिथे गाडी उभी करता, तिथे ती दोन्ही बाजूंची दारे उघडून उतरता येण्याइतकी मावते का, हे टेप लावून मोजल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नका.

मोठ्या गाडीची बाजू खरोखर भक्कम ठरते ती आपल्या सासूबाईंच्या संदर्भात. गुडघे दुखत असतील तेव्हा खोल आसनात स्वतःला सोडणे आणि त्यातून पुन्हा उठणे या दोन्ही हालचाली त्रासदायक असतात. आसनाची उंची उभ्या माणसाच्या कमरेच्या जवळपास असली, तर शरीर नुसते बाजूला वळवून बसता येते. सात आसनी गाड्यांत मधल्या रांगेचे आसन बहुधा याच उंचीवर असते, आणि दार सरकते असेल तर गाडी अडचणीच्या जागी उभी असतानाही ते पूर्ण उघडते. मात्र काही मोठ्या गाड्यांची जमीनच इतकी उंच असते, की आत चढण्यासाठी पायरी लागते आणि मग हा सगळा फायदा संपतो. दुसरीकडे, उंच बांधणीच्या काही हॅचबॅक गाड्यांत बसणे-उठणे चांगलेच सुलभ असते. यावर कोणतेही मोजमाप पुरेसे नाही. सासूबाईंना स्वतःला नेऊन तीन-चार वेळा चढ-उतार करून पाहू द्या आणि त्यांचे मत निर्णायक माना.

हे सारे लक्षात घेता आपल्यासाठी उंच बांधणीची हॅचबॅक योग्य ठरेल, असे मला वाटते. सुटीच्या दिवशी सासूबाईंना चालकाशेजारी बसवावे, म्हणजे त्यांना पाय लांब ठेवता येतील, आणि मागे आपल्यापैकी एक जण व दोन्ही मुले बसतील. नऊ आणि चार वर्षांच्या मुलांना उंचीनुसार बूस्टर (सीटबेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक) किंवा बालआसन लागेल, म्हणून मागच्या आसनाची रुंदी ती दोन्ही बसवून आणि मध्ये प्रौढ माणूस बसवूनच पाहा. बहुतेक हॅचबॅकचा कस इथेच लागतो. ती रचना कुठल्याच हॅचबॅकमध्ये जमली नाही, तर आपल्या पतींची निवड बरोबर आहे असे समजून मी माझे मत बदलेन. जमली, तर सात जणांच्या त्या तीन-चार प्रवासांसाठी मोठी गाडी भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे आहे. त्या मोजक्या दिवसांसाठी वर्षभर मोठी गाडी बाळगण्याची गरज मला दिसत नाही.

प्रश्न : आम्हाला तीन मुले आहेत : सहा वर्षांची, चार वर्षांची आणि आठ महिन्यांची. तिघांनाही बालआसन लागते. लहान गाडीत जमवता येईल का?

उत्तर : माझ्या मते नाही. तीन बालआसने शेजारी शेजारी बसतील इतकी रुंदी हॅचबॅकच्या मागच्या आसनाला सहसा नसते, आणि आयसोफिक्सचे, म्हणजे बालआसन थेट गाडीला अडकवण्याचे, खुंट बहुधा मधल्या जागेला नसून दोन्ही कडेच्या जागांनाच असतात. बाळाचे मागे तोंड केलेले आसन पुढे चालकाशेजारी ठेवून वाट काढण्याचा विचार मनात येईल, पण तिथली एअरबॅग चालू असताना तसे कधीही करू नये. उघडणारी एअरबॅग थेट त्या आसनाच्या पाठीवर आदळते आणि इजा प्राणघातक ठरू शकते.

आपल्यासाठी मोठी गाडीच हवी, आणि ती निवडताना एक गोष्ट आग्रहाने तपासा. मधल्या रांगेत बालआसन पक्के बसवले, की ते आसन पुढे दुमडत नाही आणि तिसऱ्या रांगेकडे जाण्याची वाट बंद होते. त्यामुळे मधल्या रांगेतली तीन आसने स्वतंत्र आहेत का, किंवा दोन आसनांच्या मधून मागे जाता येते का, हे आपली बालआसने सोबत नेऊन प्रत्यक्ष बसवूनच ठरवा. थोरल्याला तिसऱ्या रांगेत बसवणार असाल, तर तिथे खांदा आणि कंबर दोन्हींवरून जाणारा तीन-बिंदू सीटबेल्ट हवा, पडद्यासारखी उघडणारी बाजूची एअरबॅग त्या रांगेपर्यंत पोहोचणारी हवी आणि हवेचा झोतही हवा. ही रांग मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे असल्याने तिथे हेलकावे जास्त बसतात, म्हणून ज्या मुलाला गाडी लागते त्याला तिथे बसवू नये.

प्रश्न : आमच्याकडे हॅचबॅक आहे. मोठी गाडी घेण्याऐवजी टपावर कॅरिअर बसवून भागेल का?

उत्तर : अडचण माणसांची नसून सामानाची असेल, तर भागेल. टपावर किती वजन चालते, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. लहान गाड्यांत ते बहुधा 50 ते 75 किलोच्या आसपास असते आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे असते. जड बॅगा डिकीत खाली, मागच्या आसनाला टेकवून ठेवाव्यात आणि टपावर फक्त हलके पण जागा खाणारे सामान बांधावे, कारण वरच्या वजनाने गाडीचा गुरुत्वमध्य उंचावतो व वळणावर ती अधिक कलते. पूर्ण भाराच्या प्रवासासाठी टायरमधील हवेचा दाब वेगळा सांगितलेला असतो, तो निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच भरून घ्यावा. परतल्यावर कॅरिअर काढून ठेवावे. रिकामे असले तरी ते हवेचा विरोध वाढवते.